चक्कीवाल्या काकूंचा उजवा डोळा

बोलण्याआधी त्या पदर कमरेला खोचत. मग आवाज चढे, "पयले माह्यं आयका!" सारं आयुष्य चक्कीच्या खडखडाटात गेलेलं, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या वडनेरकडच्या खेड्यात पिठाची चक्की चालवणाऱ्या या काकू होत्या.

चिकनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हा सारं गाव वाकून चालू लागलं. काकूही फणफणल्या. पण सांधे धरलेले असतानाच त्यांनी चक्की उघडली. काही आठवड्यांनी त्यांचा उजवा डोळा लालभडक झाला. उजेड सोसेना, आतून ठणका, समोरचं सगळं धुरकट.

"डोळे आले," गावानं ठरवलं. आपल्यालाही लागेल या भीतीनं लोक दळण घेऊन दुसऱ्या गावी जाऊ लागले. कोणी डोळ्यात बाळंतिणीचं दूध घालायला सांगितलं.

"माहा डोया हाये तो, लेकरू नाई!" काकू कडाडल्या. मग माझ्याकडे वळल्या, "चला मास्तर, सेवाग्रामले."

तिथल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. "डोळ्याच्या आत सूज आहे. त्या तापाचीच, मागाहून आलेली. ही कोणाला लागत नाही. पण औषध चुकवलंत तर नजर जाईल."

"लागत नाई ना? मंग झालं!"

परतताना एसटीची वाट पाहत बसलो होतो. काकूंनी चांगला डोळा तळहातानं झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमचं तोंडच पुसून गेलं," त्या म्हणाल्या. त्यांचा उतरलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला.

पुढच्या ग्रामसभेला त्या काळा चष्मा लावून आल्या. हातात काचेची बरणी, तिच्यात पंचायतीच्या आवारातल्या उघड्या टाकीचं पाणी.

"पयले माह्यं आयका! या अळ्या. याचेच मच्छर होतेत. मले एका डोयानं दिसून राह्यल्या. तुमाले दोन असून काऊन नाई दिसत?"

"काकू, बसा. तब्येत बरी नाई तुमची," सरपंच म्हणाले.

"टाकी रिकामी होईस्तोर मी इथून हालत नाई."

मागच्या बाया एकेक करून त्यांच्या बाजूला येऊन थांबल्या. त्याच दुपारी टाकी उपसली गेली, घासली गेली, तिच्यावर झाकण बसलं.

डोळा कोणाला लागत नाही हे गावाला कळलं, तशी चक्कीवर गर्दी परतली. नजर मात्र पुरती परतली नाही.

आता काकू नाहीत. मला आठवतो तो डोळ्याच्या तपासणीसाठी आम्ही केलेला शेवटचा प्रवास. एसटीत त्यांचा काळा चष्मा पाहून एक तरुण उठला, "मावशी, बसा. तुमाले दिसत नाई."

"मले दिसते. तूच बस."

आणि सेवाग्राम येईपर्यंत त्या दांडा धरून, समोरचा रस्ता पाहत उभ्या राहिल्या.