दोष आढळला नाही

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. टाळली, असंच म्हणायला हवं. बायको होती तोवर दोन-तीनदा तिच्यापाशी विषय काढायला गेलो आणि भलतंच काहीतरी बोलून उठलो. निवृत्तीच्या समारंभात मला बोलायला उभं केलं तेव्हा समोर सगळा डिस्पॅच विभाग बसला होता. तेव्हाही कॅन्टीनच्या पातळ आमटीवर एक विनोद केला आणि खाली बसलो. आता रावेतच्या या अकराव्या मजल्यावर मी एकटाच असतो. मुलगा परदेशी, त्याचा फोन रविवारी. ऐकायला कुणी नाही, म्हणून लिहायला धीर आला असावा.

निमित्त लहानसं झालं. गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपनं स्वतःहून अपडेट घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून वेबसाइट कधी उघडायच्या, कधी ‘ही साइट सापडत नाही’ असं लिहून यायचं. मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली.

“काका, आमच्याकडून सगळं ओके दिसतंय. नाव टाइप करताना चुकत नाहीये ना तुमचं? घरात दुसरं कुणी असेल तर त्यांना देता का फोन?”

दुसरं कुणी नव्हतं. ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. उभी नोकरी मी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात काढली आहे. तरी त्या मुलीचा राग आला नाही. तिनं विचारलं तेच मी एकदा एका माणसाला विचारलं होतं, आणि माझ्या बोलण्यात तिच्याइतका गोडवा नव्हता.

आमचा कारखाना चाकणला. गाड्यांचे सुटे भाग करायचा. मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो, म्हणजे विभागात मी आणि एक मदतनीस. ज्यांच्याबद्दल सांगायचं ते गृहस्थ डिस्पॅचला क्लार्क होते. तिथल्याच जुन्या गावचे. एमआयडीसीत त्यांच्या घरची जमीन गेली आणि त्या बदल्यात ही नोकरी आली. वयानं माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, पण सगळा कारखाना त्यांना दादा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो.

दादांनी चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकून घेतला. दोन बोटांनी टाइप करायचे. रोज सकाळी खिशातल्या रुमालानं आधी कीबोर्ड पुसायचे, मग खुर्चीत बसायचे. त्या खुर्चीचा त्यांना अभिमान होता. गावाकडचं कुणी भेटायला आलं की त्याला गेटवर न भेटता आत बोलवून घ्यायचे, स्क्रीन दिसेल असं उभं करायचे आणि म्हणायचे, “हितनं बटण दाबलं का तिकडं गिऱ्हाइकाला कळतं, गाडी निघाली.”

त्यांचं काम तेच होतं. माल भरलेला ट्रक निघण्याआधी त्याची माहिती आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या वेबसाइटवर भरायची. ती भरली नाही तर गिऱ्हाइकाच्या गेटवर ट्रक आत घेत नसत.

एका शनिवारी मी सगळ्या कॉम्प्युटरवर नवं अपडेट चढवलं. सोमवारी सकाळी दादांचा फोन आला.

“साहेब, गिऱ्हाइकाची साइट उघडत न्हाई.”

माझी केबिन पुढच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. डिस्पॅच मागच्या शेडच्या टोकाला. जिना उतरून, प्रेस शॉपच्या कडेनं, फोर्कलिफ्ट चुकवत जायला पाच-सहा मिनिटं लागायची. मी गेलो, नाव टाइप केलं, साइट उघडली.

“उघडली की, दादा.”

“आत्ता उघडली. मगाशी न्हवती उघडत.”

दुपारी पुन्हा फोन, पुन्हा तेवढीच चाल, पुन्हा साइट उघडलेली. शेजारी बसून चलनं फाडणारा माणूस हसला. “साहेब, तुमचा पायगुण लई चांगला. तुमी दारात आला का ती उघडती.” दादाही हसले. मीही हसलो. हा विनोद तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी मला हसू येईना.

“दादा, नाव नीट टाइप करता ना? एखादं अक्षर राहत असेल.”

“न्हाई हो साहेब. तेच टायपतो रोज. एकदा उघडतंय, एकदा न्हाई. पाच मिनिटं दम धरला का परत उघडतंय.”

“मशीन असं नसतं, दादा. मशीनला एक तर येतं, नाही तर येत नाही. माणसाचं असतं कधी-कधी.”

हे मी पाच-सहा जणांसमोर बोललो. दादांनी रुमाल काढून उगाच कीबोर्ड पुसला.

आमच्याकडे तक्रारींचं एक रजिस्टर असे. त्यात मी लिहिलं : ‘तपासले. दोष आढळला नाही. वापरणाऱ्याची चूक.’ खाली सही केली.

दोन दिवसांनी दादा स्वतः माझ्या केबिनमध्ये आले. चपला बाहेर काढून आले, हे आठवतं. केबिनमध्ये चपला काढायची पद्धत नव्हती. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, त्याच्या पाठीमागे काहीतरी लिहिलेलं. “साहेब, यवढं वाचा. मी लिहून ठिवलंय, कवा बंद पडतं, कवा चालतं ते.” मी फोनवर होतो. मानेनंच ‘ठेवा’ म्हटलं. ते गेल्यावर ते पान मी ड्रॉवरमध्ये सरकवलं.

पुढच्या आठवड्यात व्हायचं ते झालं. साइट उघडेना, ट्रकवाला घाई करायला लागला, आणि ‘पोचेपर्यंत भरतो माहिती’ म्हणून दादांनी गाडी सोडली. माहिती भरली जायला उशीर झाला. ट्रक गिऱ्हाइकाच्या गेटवर अडकला आणि तिकडची गाड्या जोडायची लाइन थांबली. लाइन थांबणं म्हणजे काय, हे या पट्ट्यात काम केलेल्याला सांगावं लागत नाही. सगळा कारखाना दिवसभर दबक्या आवाजात बोलत होता.

संध्याकाळी प्लँटच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर माझं रजिस्टर उघडं होतं.

“दादा, हे म्हणतात मशीन ठीक आहे. मग खोटं कोण बोलतंय?”

“खोटं न्हाई बोलत साहेब. एकदा उघडतंय, एकदा न्हाई.” मग माझ्याकडे वळले. “साहेब, तुमी सांगा की. मी कागुद दिलाय तुमाला.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कागद मी वाचला नव्हता, आणि वाचला नाही हे त्या खोलीत सांगायची माझी हिंमत नव्हती. मी म्हणालो, “रजिस्टरमध्ये लिहिलंय तेच आहे, सर.”

दुसऱ्या दिवशी दादांची बदली भंगार यार्डात झाली. तिथं पत्र्याच्या टपरीत बसून बाहेर जाणारं लोखंड वजन करून घ्यायचं. टेबल होतं, कॉम्प्युटर नव्हता.

त्यांच्या जागी पुण्याहून पदवी घेतलेली एक मुलगी आली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “सर, कस्टमरची साइट मधूनमधून उघडत नाहीये. थोड्या वेळानं आपोआप उघडते.”

दादांचंच वाक्य, फक्त दुसऱ्या बोलीत. आणि मी ते जागच्या जागी खरं मानलं. तिला ‘नीट टाइप केलं का’ असं विचारलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो आणि हलायचं नाही असं ठरवलं. अर्ध्या तासात माझ्याच बोटांखाली साइट ‘सापडत नाही’ म्हणाली. मी घड्याळ बघून वेळ मोजला. पाच मिनिटांनी ती उघडली. माझ्या केबिनपासून इथवर चालत यायला लागायचा तेवढाच वेळ.

मग कारण शोधायला फार कष्ट पडले नाहीत. कॉम्प्युटरला वेबसाइटच्या नावावरून वाट कळत नाही. नावामागचा आकडा त्याला आधी कुणाला तरी विचारावा लागतो. कुणाला विचारायचं, ते आपण लिहून दिलेलं असतं. आमच्या कॉम्प्युटरांवर मीच, हातानं, दोन ठिकाणं लिहिली होती. पहिलं नव्या सर्व्हरचं, दुसरं कासारवाडीच्या आमच्या जुन्या युनिटमधल्या सर्व्हरचं. त्या म्हाताऱ्या सर्व्हरला फक्त कारखान्याच्या आतली नावं ठाऊक. बाहेरचं काही विचारलं की ‘असं नावच नाही’ म्हणून मोकळा. जुन्या पद्धतीत कॉम्प्युटर आधी पहिल्याला विचारायचा, आणि तो गप्प बसला तरच दुसऱ्याला. त्यामुळे इतकी वर्षं निभावलं. अपडेटनंतर तो दोघांना एकदम विचारायला लागला आणि जो आधी बोलेल त्याचं खरं मानायला लागला. चाकण चौकात दोघांना एकदम पत्ता विचारावा आणि ज्याला काही माहीत नाही त्यानंच आधी ‘असं गावच नाही’ म्हणून परत पाठवावं, तसं. शिवाय तो ‘नाही’ कॉम्प्युटर पाच मिनिटं लक्षात ठेवायचा आणि मग विसरायचा. मी शेड पार करून येईपर्यंत तो विसरलेला असायचा.

दिवसभर बाहेरच्या साइटवर काम करणारं कारखान्यात एकच टेबल होतं. बाकीच्यांना कधी अडलं तर ते चहा पिऊन येत आणि पुन्हा बघत. माझ्या स्वतःच्या मशीनवर तो दुसरा पत्ता नव्हता, म्हणून मला कधीच काही दिसलं नाही.

तो पत्ता काढून टाकायचं काम माझ्या यादीत होतं. दोन वर्षं होतं.

त्या दिवशी सगळ्या मशीनवरून मी तो खोडला. रजिस्टरमध्ये लिहिलं : ‘अपडेटनंतरची सेटिंग दुरुस्त केली.’ चार पानं मागे माझी जुनी ओळ होती. तिच्यावर रेघ मारायला किती वेळ लागला असता? पण रेघ मारली असती तर साहेबांनी विचारलं असतं का मारली, आणि मग ती यादी, ती दोन वर्षं, ते न वाचलेलं पान, सगळं टेबलावर आलं असतं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. मी रजिस्टर मिटलं.

केबिनमध्ये येऊन ड्रॉवर उघडला. कॅलेंडरच्या पानामागे, शाळेत गिरवलेल्या वळणदार अक्षरात, ओळीखाली ओळ : ९.१० बंद. ९.१६ चालू. ११.४० बंद. ११.४६ चालू. असे चार दिवस. आणि शेवटी एक चौकट आखून : ‘गेटवरच्या वॉचमनच्या कॉम्प्युटरवर तेच नाव टाइपले. दहा वेळा बघितले. दहाही वेळा चालू.’

गेटवरचा कॉम्प्युटर फार जुना होता. तेवढा एक सोडून मी बाकी सगळ्यांवर अपडेट चढवलं होतं. म्हणजे काय बदललं, कुठं बदललं, किती वेळ बिघाड टिकतो, सगळं त्या पानावर होतं. मी ज्याला टाइप करता येत नाही म्हणालो, त्यानं माझं काम माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं.

भंगार यार्ड माझ्या खिडकीतून दिसायचं. मी पडदा लावून घेतला. दादांनी वर्षभर तिथं काढलं, मग राजीनामा दिला. त्यांच्या निरोपाच्या चहाला मी गेलो नाही. सर्व्हरचं काम निघालं असं कळवलं.

निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत, एकदा ते पान खिशात घालून बसनं चाकणला गेलो. दादांचं आता दोन मजली घर आहे, वरच्या खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात. मला बघून ते ओट्यावरून उठून आले.

“आरं, साहेब आलं! सूनबाई, चहा टाका. हे आमचं कॉम्प्युटरचं साहेब. ह्यांनी लई समजावलं मला, पर माझ्या टाळक्यातच न्हाई शिरलं.”

मी म्हणालो, “तसं नाही, दादा...”

“तसंच हाय की. ती वस्तू आपल्या हाताची न्हवतीच. पाक लाइन बंद पाडली मी लोकांची.” खिशातून बटणांचा जुना फोन काढून दाखवला. “ह्याच्या फुडं आपुन जात न्हाई आता. लाइटबिल सूनबाई भरती. मी हातच लावत न्हाई.”

सून चहा घेऊन आली. दादा तिला हसत म्हणाले, “ह्यांचा पायगुण होता बघ. हे आलं का साइट उघडायची.”

मीही हसलो. पान खिशातच होतं. चहा प्यायलो, बिस्किट खाल्लं, पावसापाण्याचं बोललो. त्यांनी मला मोटरसायकलवर बसथांब्यापर्यंत सोडलं. बस येईपर्यंत थांबले. मी चढलो, जागा मिळाली, खिडकीतून हात केला. पुन्हा येतो म्हणालो.

गेलो नाही. मागच्या हिवाळ्यात जुन्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो आला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यात मीही दोन हात टाकले.

पान माझ्यासमोर आहे. घड्या पडल्यात तिथं शाई उडाली आहे, पण आकडे वाचता येतात. त्या दिवशी ओट्यावर मला फक्त एवढंच म्हणायचं होतं : दादा, तुमचं टाइपिंग पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. बिघाड मी केलेला होता, तो तुम्ही शोधलात, आणि मला कळल्यावरसुद्धा मी गप्प बसलो. लाइन तुम्ही बंद पाडली नाहीत. मला माफ करा.