बायकोच्या खात्यावरून दिलेली मंजुरी

जगात आमची भाषा जाणणारी माणसं एका टॅक्सीत मावतील, आणि ड्रायव्हरला उतरवावंही लागणार नाही. भाषा भरतकामाच्या जुन्या मशीनची. सुई कुठे टोचायची, कधी उचलायची, फ्रेम किती सरकवायची, एवढंच तिच्यात बोलता येतं. ती मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. त्या सूचना मशीनला कळतील अशा करून देणारा प्रोग्राम, म्हणजे कंपायलर, अख्ख्या बहारीनमध्ये एकाच कॉम्प्युटरवर शिल्लक होता. तो मआमीर नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका शेडमध्ये, रत्नागिरीच्या एका चाचांच्या वर्कशॉपात. उन्हाळ्यात शेडचा एसी गेला आणि कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, असा तापून की त्यावर पापड भाजले असते. मी तर सांगताना भाजले असंच सांगतो.

मी इथल्याच रिफा शहरात राहतो, मूळ पुण्याचा, नोकरीने सॉफ्टवेअरवाला. चाचांना म्हणालो, काळजी सोडा, नवा कंपायलर बनवू. सगळ्या जगाला खुला. कोणीही वाचावा, कोणीही दुरुस्त करावा. तसलीच मशीन असलेले लोक इंटरनेटवर हुडकले. पोर्तुगालची एक शिंपीण, जपानचे एक निवृत्त मेकॅनिक, आणि आणखी दोघे, ज्यांचा देश मला आजही ठाऊक नाही. मी धरून पाच. चाचांना सांगितलं चाळीस. आकडा तोंडातून निघून गेला, मग त्याला परत आत घेणं बरं दिसेना.

आमचा एक नियम चाचांना फार पटला होता. आपण लिहिलेला बदल आपणच मंजूर करायचा नाही. दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचून हिरवं बटण दाबलं तरच तो आत जातो.

"आमच्यासारखाच हाय," चाचा म्हणाले. "खुणा करतो तो कापत नाय. कापणारा परत मोजतो."

मग एक बहारीनी मुलगी आईचा हिरवा रेशमी कपडा घेऊन आली. इथे लग्नाच्या आधी बायका असा कपडा वधूच्या डोक्यावर धरतात आणि गाणी म्हणतात. आई गेलेली. कपड्याच्या चारी कडांची जरी विरलेली. नवी किनार हवी होती, आणि कार्यक्रम बुधवारी. असा दुसरा कपडा कुठे मिळणार नव्हता.

कोपऱ्यात वळणारी किनार आमच्या कंपायलरला अजून जमत नव्हती. मी तो बदल झपाट्याने लिहिला, पण वाचायला कोणी नाही. शिंपीण सुट्टीवर, मेकॅनिक दवाखान्यात, उरलेले दोघे नेहमीप्रमाणे अदृश्य. मग मी बायकोच्या नावाने एक खातं उघडलं. ती सीफ भागातल्या एका बँकेत नोकरी करते. तिला फोन लावला.

"त्या पानावर हिरवं बटण आहे ना, ते दाब."

"वाचू का आधी?"

"तुला काही कळणार नाही."

"बरं, दाबलं. मी मॉलच्या पार्किंगमध्येच आहे. दूध आणू का?"

झाली मंजुरी. चिंधीवर छोटं फूल काढून पाहिलं, झकास आलं. चाचा म्हणाले, शनिवारी सकाळी कपडा लावतो. जाता जाता विचारलं, "दुसऱ्यान बघितलान ना?" मी म्हटलं, बघितलं.

फुलाला कोपरे नसतात, हे मला शनिवारी दात घासताना सुचलं. ब्रश तोंडात तसाच धरून चाचांना सात फोन केले. मशीन लावताना ते फोन खोक्यात ठेवतात. रिफाहून मआमीर काही लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल मला ओळखत होता आणि मला बघून लाल होत होता. कपड्याला एकदा भोक पडलं की पडलं. मुलीला कोण काय सांगणार, हेच डोक्यात.

पोचलो तेव्हा हिरवं रेशीम फ्रेममध्ये ताणलेलं होतं आणि चाचांचं बोट बटणावर.

"थांबा," मी म्हटलं. "कोणी वाचलेलं नाही ते."

"चाळीस जणांतल्या कोणीच?"

"पाच आहेत, चाचा."

त्यांनी बोट काढलं. "आणि हिरवं बटण?"

"बायकोने दाबलं."

"ती इंजिनेर हाय?"

"बँकेत आहे."

चाचांनी रेशीम उतरवलं, जुन्या चादरीचा तेवढाच तुकडा लावला आणि पूर्ण किनार चालवली. पहिला कोपरा आला, आणि फ्रेम सरकली तरी सुई कापडातच. टर्रकन् आवाज झाला. चादरीला बोट जाईल एवढं भोक.

मला वाटलं, आता शेडबाहेर काढतील. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस. काय लिवलंस ते वाच. एकेक ओळ."

मी वाचू लागलो. पंचवीस वर्षं त्या भाषेत सुईशी बोलणारा माणूस माझ्या शेजारी होता आणि त्याला आमच्या पाचात घ्यावं हे मला कधी सुचलं नव्हतं. अकराव्या ओळीला त्यांनी हात वर केला. "आधी सुई उचल, मग फ्रेम. तू उलटं केलंस."

त्यांच्या नावाने खातं उघडलं, खरं खातं. दुरुस्ती पाठवली. रविवारी त्यांनी ती नाकारली, कारण दिलं एका शब्दात, "नाय." धागा ढिला सोडायचा राहिला होता. सोमवारी पुन्हा "नाय." मी ऑफिसात बसून पान सारखं उघडून पाहत होतो. मंगळवारी दुपारी हिरवं झालं.

त्याच दुपारी किनार लावायला घेतली तेव्हा मी आत उभा राहू शकलो नाही. शेडच्या पत्र्याला पाठ लावून, भर उन्हात, नुसता आवाज ऐकत राहिलो. कोपरा आला की सुई थांबते, मग पुन्हा धरते. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. चौथ्याला थांबली ती थांबलीच. पत्रा पाठीला भाजत होता, हलायची हिंमत होईना. मुलीचा चेहरा डोळ्यासमोर आला, आणि तिला सांगायचं वाक्य मी तोंडातल्या तोंडात जुळवू लागलो.

दार उघडलं. चाचांच्या हातात रिकामं रीळ होतं.

"धागा संपला," ते म्हणाले, आणि गाडीतून नवं रीळ काढून शांतपणे आत गेले.