ट्रॅक्टर वळायची जागा

मी कमी बोलतो. आमच्या गावात हा गुण समजतात. तळ्याची कमिटी झाली तेव्हा सरपंच म्हणाले, "हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. मोजायचा टेप ह्याच्याच हातात द्या."

तळ्याच्या तिन्ही अंगांनी आम्हा लोकांच्या द्राक्षबागा. बंधाऱ्याखाली वस्ती आहे. पेठ-सुरगाण्याकडून बागेच्या कामाला आलेली आणि इथंच राहिलेली कुटुंबं. त्यांची विहीर तळ्याच्या पाझरावर. तळं हिरवं पडलं, मासे उलटे तरंगले, मग विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला आणि वस्तीतली पोरं आजारी पडली. नाशिकहून पाणी तपासायला आलेल्या बाई सभेत म्हणाल्या, "इथं कारखान्याची नळी नाही की ती बंद केली आणि झालं. खत, औषध, शेण, सगळ्यांच्या रानातून थोडं थोडं येतं. तळं ठरावीक घाण पचवतं, त्यापुढं नाही. कुणी किती सोडायची ते वाटून घ्या."

मागून एक म्हातारा ओरडला, "पान्याच्या पाळ्या लावल्या, आता घानीच्या पन लावा!"

लोक हसले, पण वाटण्या झाल्या. एकरी खत किती, ते ठरलं. आभाळ आलं असेल तर खत टाकायचं नाही. आणि नाल्याच्या कडेला दहा फूट गवताचा पट्टा राखायचा, म्हणजे वाहून येणारं तिथं गाळलं जाईल. ज्याच्या रानाखाली पाणी खराब सापडेल, त्याची तळ्यातली मोटार हंगामभर बंद.

पट्टे मी मोजले. माझाही मीच मोजला. दहा फूट पुरे भरले. पण माझ्या ओळी थेट त्या पट्ट्यापर्यंत गेलेल्या, आणि फवारणीचा ट्रॅक्टर वळायचा तो त्या गवतावरच. छाटणीनंतर तर रोज. आम्हा बागवाल्यांची ही सवयच आहे, जिथं झाड नाही ती जागा आम्ही सोडलेली धरतो. मीही धरली.

फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला. खत मी हिश्श्याएवढंच टाकलं होतं, आभाळ नसताना. पाऊस थांबल्यावर बागेच्या टोकाला गेलो तर चाकांच्या दोन चाऱ्या पडलेल्या, आणि गढूळ पाणी त्यातून सरळ नाल्यात उतरत होतं. गवत नावाला बाजूला. मी पायानं थोडी माती लोटली आणि घरी आलो.

नाल्यावर माझ्याखाली चुलत वहिनीचं रान. भाऊ गेल्यापासून ती एकटीच कसते. दोन म्हशी, आणि तेव्हा कोबीची नुकती लावलेली रोपं. त्या पावसानंतर नाल्याचं पाणी तपासलं ते तिच्या गोठ्याखाली, आणि ते खराब निघालं.

सभेत एक जण म्हणाला, "म्हशींचं शेन, दुसरं काय?"

"माझ्या म्हशी काय नाल्यात बसून ऱ्हात्यात का रे? उद्या तुझ्या ओसरीवर आणून बांधते, मोज किती टाकत्यात ते."

हशा झाला. सरपंच माझ्याकडे वळले. "तुम्ही मोजलंय. काय म्हणणं?"

"सांगा ना भाऊजी," वहिनी म्हणाली.

"पट्टा पुरा आहे त्यांचा," मी म्हणालो.

"मग घाण आली कुठून?" सरपंचांनी विचारलं.

मला चाऱ्या दिसत होत्या. बाग ऐन फुलोऱ्यात, मोटार बंद झाली तर मणी धरणार नाहीत, एवढाच हिशोब डोक्यात. मी खाली बघत राहिलो. वहिनीची मोटार बंद झाली.

तिचं रान माझ्या बागेतून दिसतं. रोज फवारताना दिसायचं. एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, वहिनींच्या रोपांनी माना टाकल्या. आपल्या नळीनं एक पाणी द्या की."

वहिनीनं हात जोडून माझे उपकार मानले असते. ते डोळ्यांसमोर आलं आणि मी उठून सरपंचांकडे गेलो. त्यांना बागेच्या टोकाला आणलं. वाळलेल्या चाऱ्या त्यांनी पाहिल्या.

"अरे मर्दा, इतके दिवस मूग गिळून बसला होतास?"

त्याच दिवशी तिची मोटार सुरू झाली, माझी बंद. तिची निम्म्याहून जास्त रोपं तोवर गेली होती.

ट्रॅक्टर आत वळवायचा तर मांडवाचे शेवटचे लोखंडी अँगल आत घ्यायचे आणि प्रत्येक ओळीतली टोकाची झाडं तोडायची. करवत मीच धरली. झाडांना घड लागलेले. वहिनी बांधावर येऊन उभी राहिली. काही बोलेल, शिव्या देईल, म्हणून मी थांबलो.

"टेप आणलाय?"

मी खिशातून काढून दिला. एक टोक तिनं मला धरायला लावलं, ट्रॅक्टर उभा होता तिथं. दुसरं घेऊन ती ओळीत शिरली, त्याला वळायला लागेल तेवढं अंतर मोजत. एका झाडापाशी थांबली. ते मी ठेवायचं ठरवलं होतं.

"हे पन," ती म्हणाली.

मी करवत लावली.