दोन चुलींच्या गोळ्या

काष्टीत बाजाराच्या रस्त्याला माझं मेडिकल आहे. शनिवारी, बाजाराच्या दिवशी, दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि नेमके त्याच दिवशी लोकांना सगळे आजार आठवतात. "मागं दिली हुती ती पांढरी गोळी द्या," म्हणतात. आता माझ्या दुकानात निम्म्या गोळ्या पांढऱ्याच. मी चिडते, हे गावाला ठाऊक आहे. गोड बोलून औषध देणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडं जावं. पण जात नाहीत, माझंच डोकं खातात.

अशाच एका शनिवारी मळ्यातली एक ओळखीची म्हातारी कोथिंबिरीची जुडी घेऊन माझ्या पायरीवर टेकली ती उठेचना. अंगाला दरदरून घाम, हात लटलट कापत होते, आणि मला स्वतःची बहीण समजून "तू कवा आलीस गं" असं विचारायला लागली. ऊन लागलंय, असं गर्दीचं एकमतानं ठरलं. एकानं तर कांदा फोडायला घेतला. मी त्याला बाजूला सारलं, म्हातारीचं बोट टोचून शुगर पाहिली आणि यंत्रावरचा आकडा बघून मलाच घाम फुटला. शुगर पार तळाला गेली होती. अजून थोडी खाली गेली असती तर म्हातारी माझ्या पायरीवरच संपली असती.

शेजारच्या हॉटेलातून साखरेचं पाणी आणवून घोटघोट पाजलं. थोड्या वेळानं ती भानावर आली आणि पहिल्यांदा तिनं कोथिंबीर कुठं आहे ते विचारलं. मी तिला समोरच्या दवाखान्यात नेऊन झोपवलं आणि विचारलं, "आजी, शुगरची गोळी कोणती घेता?"

"कुठल्या घरची सांगू?" ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. भानगड अशी होती. तिचे दोन मुलगे वेगळे झालेले. रान वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं, तशी आईही वाटली. सकाळची भाकरी थोरल्याकडं, संध्याकाळची धाकट्याकडं. थोरल्यानं आईला श्रीगोंद्याच्या डॉक्टरांना दाखवलं. मग आपण मागं का राहायचं म्हणून धाकट्यानं तिला दौंडला नेलं. एका डॉक्टरांचं दुसऱ्या डॉक्टरांना सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. सांगितलं तर डॉक्टरांना राग येतो म्हणे. झालं, दोन्ही घरांत गोळी सुरू. चक्कर यायला लागली तेव्हा थोरली सून म्हणाली, धाकटीकडचं शिळं बाधलं. धाकटी म्हणाली, थोरलीच्या तोंडाच्या पट्ट्यानंच डोकं फिरतंय.

दोन्ही मुलांना गोळ्या घेऊन बोलावलं. दोघं दोन मोटारसायकलींवर आले आणि काउंटरच्या दोन टोकांना उभे राहिले. मी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. नावं वेगळी, आतलं औषध एकच.

"पन रंग येगळा हाय की," थोरला म्हणाला.

"तुझा ट्रॅक्टर लाल आणि ह्याचा निळा. नांगरट वेगळी होते का रे?"

हे त्यांना पटलं. पण मग एक गोळी बंद करायची तर कुणाची, यावर दोघं हमरीतुमरीवर आले. धाकटा म्हणाला, आमच्या डॉक्टरच्या दवाखान्यात लिफ्ट हाय. थोरला म्हणाला, आमचा डॉक्टर हात लावून तपासतो. पायरीवर मरता मरता वाचलेली आई समोरच्या दवाखान्यात पडलेली, आणि हे दोघं लिफ्टवर भांडत होते. मी असं झापलं दोघांना की गिऱ्हाईकंसुद्धा गप्प झाली. शेवटी दोन्ही डॉक्टरांना फोन लावले, त्यांचं आपसात बोलणं करून दिलं. सकाळची राहिली, संध्याकाळची बंद झाली. धाकटा जाताना तोंड पाडून म्हणाला, "म्हंजी आमची सेवा बाद म्हना की."

नंतर म्हातारीची शुगर छान राहिली. चक्कर गेली. मी स्वतःवर खूश होते. तर एक दिवस दुपारी, दुकानात कुणी नाही बघून ती आली आणि हळूच म्हणाली, "पोरी, संध्याकाळची एखादी गोळी दे की."

"गोळी म्हणजे काय शेंगदाणे आहेत का?" मी उसळलेच. "कशाची देऊ?"

"कशाची बी दे. गोळी हुती तवा धाकटी तांब्या घिऊन यायची. आत्या, गोळी घ्या, म्हनायची. घ्येतली का बगत हुबी ऱ्हायची, दोन शब्द बोलायची. आता ताट सरकावती अन् टीव्हीम्होरं जाती. तिचं बी काय चुकलं म्हना, कामच ऱ्हायलं न्हाई."

मी उगाच कपाटातल्या बाटल्या सरळ करत बसले.

श्रीगोंद्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी हसून घेतलं, मग म्हणाले, मागच्या तपासणीत कॅल्शियम कमीच होतं, तसंही सुरू करायचं होतंच, संध्याकाळी जेवणानंतर द्या. मी धाकट्या सुनेला बोलावलं आणि माझा सगळ्यात कडक आवाज काढला. "ही गोळी साधी नाही. हातावर ठेवून पळायचं नाही. समोर बसायचं. गिळल्यावर त्यांना लगेच आडवं होऊ द्यायचं नाही, बोलत बसायचं."

"काय बोलू?"

"काहीही. लहानपणीचं विचार. निदान अर्धा तास."

"लईच कडक गोळी हाय," ती घाबरून म्हणाली आणि घेऊन गेली.

पुढच्याच बाजाराला थोरली सून तणतणत आली. पिशवी काउंटरवर आपटून म्हणाली, "म्याडम, धाकटीच्या गोळीला अर्धा तास बोलत बसायचं, अन् आमच्या गोळीला नुसतं पानी? आमची गोळी काय हलकी हाय व्हय?"

"नाही हो," मी म्हटलं, "तुमच्याही गोळीला तेवढाच वेळ. सांगायचं राहून गेलं होतं."