व्हरांड्यातला उतार

पंचवटीतल्या वाचनालयाच्या व्हरांड्यात आम्ही सातजण संध्याकाळी कॅरम खेळायचो. त्यातल्या एका काकांचं नाव मी संकोचाने कधी विचारलं नाही. स्ट्रायकर मारण्याआधी ते मान तिरकी करायचे आणि हमखास जिंकायचे. एकदा माझं पेन घरंगळत गेलं, तेव्हा कळलं की फरशी उतरती आहे आणि तो उतार एकट्या काकांना पाठ आहे.

पुढे समोरच्या नव्या हॉलमध्ये खेळायला जायची टूम निघाली.

"तिथल्या पंख्यानं सोंगट्या हलतील," काका म्हणाले.

"काका, त्या लाकडाच्या आहेत."

तीन विरुद्ध तीन हात झाले. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"इथेच बरं आहे," मी पुटपुटले.

निघताना काका हळूच म्हणाले, "कळलंय ना तुला? कुणाला बोलू नकोस."

न बोलणं मला उत्तम जमायचं.