आईच्या तिसऱ्यांची तपासणी

आमच्या खाडीत विष आहे, हे ठरायला डबीएवढं यंत्र पुरलं. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. शहरातल्या कॉलेजातल्या एक बाई तोंडवलीकडच्या खाड्या तपासत हिंडायच्या. त्यांच्याजवळ बायोसेन्सर होता. त्याच्या पट्टीवर कसलासा जिवंत रस लावलेला. फवारणीचं औषध लागलं, की तो रस मंदावतो आणि यंत्राचा आकडा पडतो. त्यांनी आईला सांगितलं, "मावशी, तपासायला थोड्या तिसऱ्या द्या."

आई ओहोटीला खाडीत उतरून चिखल चाचपत शिंपल्यांतल्या या तिसऱ्या काढायची आणि पाटीत भरून कट्ट्याच्या बाजारात विकायची. बाबा गेल्यावर घर त्या पाटीवरच चाललं होतं. आता घरी आलेल्या माणसाला द्यायच्या म्हटल्यावर तिने काय करावं? बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, गोड्या पाण्यात रात्रभर भिजत घातल्या, रेती ओकायला. सकाळी घासून चकचकीत केल्या. "शिकलेल्या माणसाक चिखल देव काय?" म्हणाली. अगो आये, त्यांना चिखलासकटच हव्या होत्या!

यंत्राने विष दाखवलं. बाईंनी ते अंगणात सगळ्यांदेखत सांगून टाकलं. बातमीला काय, पाय लागत नाहीत. बाजारात आईच्या पाटीला कोणी हात लावेना. "विषाचे तिसरे इले गो!" असं ओरडायची माझी सख्खी काकी, आईची मोठी जाऊ. बायका हसायच्या. आई पाटी परत आणून माडाच्या मुळात ओतायची आणि आम्ही पेज पिऊन निजायचो. त्या हसणाऱ्या तोंडांवर थुंकावंसं मला अजून वाटतं.

पुढे बाईंनाच शंका आली. त्या स्वतः खाडीत उतरल्या, स्वतः तिसऱ्या काढल्या, तिथेच तपासल्या. काही नाही. मग आईने कशात भिजवल्या होत्या ते विचारलं आणि बावीचं पाणी तपासलं. आकडा धाडकन खाली आला. बाव काकीच्या घरामागच्या परड्यात, सगळी वाडी तिचंच पाणी प्यायची. काकीचा मुलगा आंब्याच्या कलमांवर फवारणी करून आला, की पंप बावीच्या काठावरच धुवायचा.

आई धावतच बावीवर गेली. बाई आणि मी मागोमाग. बायका पाणी भरत होत्या. "पिव नको गो ह्या पाणी, विष आसा!" आई ओरडली.

"तुझे तिसरे खपनत नाय म्हणान आता आमच्या बावीक डाग लावतंस?" काकी म्हणाली.

बाईंनी यंत्र दाखवलं, परत परत समजावलं. "त्या डबड्याचा काय खरा?" असं म्हणून बायका मोकळ्या झाल्या. आईचं पोट मारताना तेच डबडं खरं होतं, मेल्यांनो!

काकीच्या कडेवर नात होती, नुकती चालायला लागलेली. तिला जन्मल्यापासून न्हाऊमाखू घातलं ते माझ्या आईने. काकीने तांब्या भरला, आईच्या डोळ्यांत बघितलं आणि पोरीच्या ओठांना लावला. आईने तो हिसकावून फेकला. काकीने आईच्या थोबाडीत मारली. एकही बाई पुढे झाली नाही.

मग काकीने तांब्या उचलला, विसळला आणि पुन्हा भरला. पोर तहानलेलीच होती. घटाघटा प्यायली.