नक्षी की नक्शा

देवणीचा बसवंत सुतार लाकडाआधी वहीला हात लावायचा. चौकटीवरची वेल असो की पाळण्यावरचा पोपट, आधी कागदावर दहादा काढणार, खोडणार, मगच पटाशी उचलणार. लोक चेष्टा करायचे, "सुतार हायस का कारकून?" तो म्हणे, "लाकूड चूक पोटात घालत न्हाई, बाबा. कागद घालतो."

त्याच वहीत त्याची बायको गुरम्मा होती. जिवंतपणी ती कधी समोर बसली नाही. "मला काय चौकटीवर बसवायचंय?" म्हणून डोळे वटारायची आणि मग हसायची. ती गेल्यावर त्यानं आठवून आठवून तिचा चेहरा नऊ वेळा काढला. एकही साधला नाही, पण घरात तिचं दुसरं रूपच नव्हतं. फोटो कुठला असणार!

निजामी राजवटीचं ते शेवटचं, धामधुमीचं वर्ष. उदगीरच्या वाटेवर नाक्यावरच्या जवानानं पिशवी झाडली आणि वही हाती लागली.

"क्या है ये?"

"नक्षी हाय, मालक."

जवानाच्या कानात शिरला नक्शा. नकाशे पळवणाऱ्या हेरांना पकडायला सगळे डोळ्यांत तेल घालून बसलेले, त्यात हा आयताच सापडला. बसवंतची रवानगी थेट चौकीत झाली.

चौकीचे फौजदार, अमीनसाहेब, पानं उलटत गुरम्मापाशी थांबले. "एकीच औरत नौ बार? कायकू?"

"नऊदा चुकली, साहेब."

"झूट! मेरे सामने उतार."

छापील कागदाची कोरी पाठ पुढं आली. वही गेली तर गुरम्मा गेली, एवढंच बसवंतच्या डोक्यात होतं. विचार करायला सवड नव्हती, पेन्सिल आपली चालत गेली. आणि कागदावर गुरम्मा उतरली. अगदी तीच.

"कारीगर है तू," अमीन म्हणाले. त्यांनी वही परत दिली आणि तो हेर नसल्याचा पुरावा म्हणून कागद मिसलीत, चौकीच्या कागदपत्रांत, लावला.

बसवंतनं वही पुन्हा पुढं सरकवली. "साहेब, वही ठिवून घ्या. त्यो कागद तेवढा द्या."

"सरकारी कागज है. जाओ."

तो रडतच बाहेर आला, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. समोरच्या कडुलिंबाखाली बसून त्यानं वहीचं कोरं पान काढलं. दहावी डोळ्यांपुढं होती तोवर अकरावी काढली.

चुकली. पण कुठं चुकली ते या वेळी कळलं. इतके दिवस तो तिला कागदावर नुसतंच हसवत होता. तिला आधी रागवू द्यायला हवं होतं. त्यानं पान उलटलं.